दुकान समोर हलवले आहे

रस्तारुंदीकरणात मुखेडच्या एका ओळखीच्या कापडवाल्याचं दुकान हललं. त्यानं जुन्या शटरवर पेंटरकडून लिहून घेतलं, ‘दुकान बस स्टँडसमोर हलवले आहे’, आणि खाली मोठा बाण. मी म्हटलं, काका, एवढ्याशा गावात कोणाला माहीत नाही? ते म्हणाले, “गावातल्याला माहीत हाय रे. खेड्यावरचं गिऱ्हाईक दोन-तीन वर्षांनी एकदा बस्ता बांधायला येतंय. ते कुठं हिंडंल?”

वेबवर हीच पाटी आहे. तिचा नंबर ३०१. जुन्या पत्त्यावर कुणी आलं की सर्व्हर सांगतो, कायमचं हललंय, नवा पत्ता हा, आणि ब्राउझर न विचारता तिकडे नेतो. वाचणाऱ्याला कळतही नाही. पाटी नसली की दिसतो ४०४, म्हणजे पान सापडलं नाही. आपण त्याला ‘लिंक तुटली’ म्हणतो, जशी काही दोरी कुजून तुटली. लिंक आपोआप फार क्वचित तुटते. बहुतेकदा साइट नवी करताना कुणीतरी जुने पत्ते बरोबर घेतलेले नसतात. आणि तो कुणीतरी बहुधा माझ्यासारखा डिग्रीवाला असतो.

माझंच सांगतो. एका मराठी नियतकालिकाची साइट मी नव्यानं बांधली. जुने पत्ते आकड्यांनी संपायचे, ते जाऊन शीर्षकाचे देखणे पत्ते आले. पेढे वाटले. काही महिन्यांनी मुखेड तालुक्यातल्याच एका बाईंचा फोन. त्यांच्या वडिलांनी ७२च्या दुष्काळावर एकच लेख लिहिला होता, आयुष्यात छापून आलेला एकमेव. वडील वारले. वर्षश्राद्धाला पाहुणे जमले, तेव्हा त्यांनी व्हॉट्सॲपवर जपून ठेवलेली लिंक उघडली आणि सगळ्यांसमोर ‘पान सापडले नाही’ आलं. “काढून टाकलं का हो दादा?” एवढंच विचारलं त्यांनी. लेख डेटाबेसमध्ये शब्द न् शब्द होता. जुना आकडा त्याच टेबलच्या शेजारच्या कॉलममध्ये होता. दोन्हींची जोडी लावायला मला एक दुपार लागली. आधी का नाही लावली? कामाच्या यादीत लिहिलेलं नव्हतं म्हणून. याहून बरं कारण माझ्याकडे नाही.

वेबचा जनक टिम बर्नर्स-ली यानं १९९८ मध्येच लिहून ठेवलंय की चांगले पत्ते बदलत नाहीत. अमेरिकेतल्या प्यू संस्थेनं २०२४ मध्ये हिशेब मांडला, तर २०१३ साली असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. आपल्याकडचा नमुना पाहायचा तर राज्य सरकारची जिल्हा गॅझेटिअर्स बघा. ती ‘कल्चरल डॉट महाराष्ट्र’ या पत्त्यावर होती. पुढे ‘गॅझेटिअर्स डॉट महाराष्ट्र’वर आली, आणि तिथल्या कितीतरी पानांच्या पत्त्यात जुना अख्खा पत्ता एखाद्या फोल्डरसारखा तसाच कोंबलेला दिसतो. सामान हलवताना जुन्या घराची नेमप्लेटसुद्धा ट्रकमध्ये भरलेली! मागची शेपूट जशीच्या तशी असेल, तर पाटी लावायला सर्व्हरवर एका ओळीचा नियम पुरतो.

आता पळवाटा. काही जण सगळे जुने पत्ते थेट मुखपृष्ठाकडे वळवतात आणि काम झालं म्हणतात. हे म्हणजे मुखेडचं तिकीट काढलेल्याला नांदेडच्या स्टँडवर उतरवून ‘आलं बघा’ म्हणायचं. गूगलसुद्धा असल्या वळवण्याला बहुतेक वेळा ४०४च धरतं. गूगलचा सल्ला आहे की पाटी किमान वर्षभर ठेवा. तो गूगलच्या सोयीचा आहे. त्याचा बॉट वर्षभरात येऊन नवा पत्ता लिहून घेतो. त्या बाईंचा व्हॉट्सॲप तसं काही लिहून घेत नाही.

‘वेबॅक मशीन आहे की’ असंही ऐकवतात. आहे, आणि त्याचे उपकार आहेत. पण त्याची प्रत घेतली गेली असेल तर सापडते, आणि ती शोधायची असते हे आपल्याला माहीत असतं, त्यांना नाही. इंग्रजीत एक पान गेलं तर त्याच विषयावरची दहा पानं उरतात. मराठीत एखाद्या तालुक्याबद्दल, एखाद्या बोलीबद्दल मुळात एकच पान असतं. ते उघडलं नाही की फोन हातात घेतलेला पोरगा समजतो, मराठीत यावर काही नाहीच.

एक गोष्ट मात्र पाटी असूनही बिघडते. जुनं डोमेनच कुणी रिन्यू केलं नाही, तर ते दुसरा कुणीतरी विकत घेतो, आणि वडिलांच्या लेखाच्या जागी जुगाराची जाहिरात उघडते. वर्षाला हजार-दीड हजाराचा प्रश्न असतो. पुढच्या वेळी साइट बदलायच्या मीटिंगला बसाल तेव्हा रंग, लोगो वगैरे नंतर. आधी जुन्या पत्त्यांची यादी कुणाकडे आहे ते विचारा, आणि जुन्या डोमेनचे पैसे दरवर्षी कोण भरणार, त्याचं नाव लिहून घ्या.