हाडं तेलाने भरत नाहीत

आमचं पिल्लू एकोणतिसाव्या आठवड्यात आलं. वजन ११४० ग्रॅम. घरी आणल्यापासून जो येतो तो एकच सांगतो, "छान तेल चोळा, कोवळ्या उन्हात ठेवा, हाडं आपोआप भरतील." सगळे मायेने सांगतात, मान्य. पण आता पुरे! हे वाचणाऱ्या समस्त आत्या, मावश्या, काकूंनो, मागाहून हवं तेवढं रागवा, आधी ऐकून तरी घ्या.

बाळाच्या हाडांतलं जवळपास ८० टक्के कॅल्शियम आणि फॉस्फरस त्याला आईकडून पोटातल्या शेवटच्या तीन महिन्यांत मिळतं. आमच्याने त्यातले बरेचसे दिवस काचेच्या पेटीत काढले. म्हणजे कोठारच रिकामं. बाहेरून कितीही चोळा, आत दाणा पडत नाही. उन्हाचंही तसंच. त्याने फार तर ड जीवनसत्त्व तयार होईल, आणि बंद खिडकीच्या काचेतून तेही नाही. त्यासाठी थेंब आहेत, ते रोज देतोय.

खरं भांडण आहे पुडीवरून. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी आईच्या दुधात मिसळायची फॉर्टिफायरची पुडी चालू ठेवायला सांगितली. झालं! "आईचं दूध असताना वरची पावडर?" अहो, दुधाऐवजी नाही, दुधात! आईचं दूध हवंच. अशा बाळांना होणारा आतड्याचा भयंकर आजार त्याने बराच टळतो. पण निसर्गाने ते नऊ महिने भरलेल्या बाळासाठी बनवलंय. हिशेबच मांडते. १०० मिली दुधात कॅल्शियम साधारण ३० मिलिग्रॅम. असं बाळ दिवसाला किलोमागे पिणार १५०-१८० मिली, म्हणजे पन्नासेक मिलिग्रॅम. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये दीड किलोच्या आतल्या बाळांसाठी सांगितलेला आकडा आहे किलोमागे १२० ते १४०. उरलेलं कुठून आणू?

"म्हणजे तुझंच दूध हलकं," असं एकीने तोंडावर म्हटलं. त्या रात्री मी पंप हातात धरून रडले. मग डिंकाचे लाडू आले, खारीक आली, अळीव आले. खाल्ले, आवडतात मला! पण आईने कॅल्शियम जास्त खाल्लं म्हणून दुधातलं फारसं वाढत नाही. कमी पडलं तर शरीर आईच्या हाडांतून काढून दुधात घालतं. तेव्हा लाडू माझ्या हाडांसाठी, पुडी त्याच्या. दोन्ही चालू द्या ना!

बरं, ही हाडं ठिसूळ झालेली वरून दिसत नाहीत. बाळ छान गुटगुटीत दिसेल, आणि लंगोट बदलताना पाय ओढला म्हणून हाड मोडेल. कळतं ते रक्तातल्या फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फेटेजवरून. म्हणून तर तपासणीच्या तारखा पाळायच्या. "सुया टोचून टोचून लेकराचे हाल" हे मीही म्हणते, मनातल्या मनात, आणि रिक्षात बसते.

मालिशीशी माझं वैर नाही हो. डॉक्टरांनी हलका हात चालेल म्हटलंय, त्याने वजन वाढायलाही मदत होते म्हणे. नको आहे ते हातपाय उलटसुलट दुमडून कपाळाला लावणं. मालिशवाल्या बाईंना सोमवारपासून बोलावलंय. हे सांगितलं तर म्हणाल्या, "चाळीस वर्षं करतेय मी."

पहिले काही दिवस मी शेजारी बसणार आहे.