बाटली आली, उपाय पलीकडेच राहिला

दोडामार्गात 'पलीकडे' म्हणजे गोवा. पलीकडे अबकारी कर कमी, म्हणून दारू स्वस्त. नाक्यावर तपासणी असते, तरी बाटली यायची ती येतेच.

१९९० च्या सुमारास मी या भागातल्या एका बँकशाखेत अधिकारी होतो. (दोडामार्ग तालुका झाला १९९९ मध्ये.) काजूबागेसाठी कर्ज घेतलेला एक तरुण रात्री पलीकडून मोटारसायकलने परतताना पुलाच्या कठड्यावर आदळून गेला. पोलिसांनी लिहिले, अपघात. मी फाईलवर लिहिले, 'कर्जदार मयत, वारसांकडून वसुली'. वर्षभर तो हप्ते थकवत होता, पिऊन येत होता, माझी नजर चुकवत होता. हे कुठेच लिहिले गेले नाही. त्याची आई शाखेत आली आणि म्हणाली, "सायबानू, माझो झील पडलो, काय मुद्दाम घातल्यान गाडी?" मी तिची वारस म्हणून सही घेतली.

२०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्यांची नोंद झाली, देशात सर्वाधिक. त्याच वर्षी केंद्राचे आत्महत्या प्रतिबंध धोरण आले: २०३० पर्यंत प्रमाण १० टक्क्यांनी कमी करायचे. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांकही तेव्हाच सुरू झाला. चांगलेच झाले. पण आपल्या राज्यात दारू उत्पादन शुल्क खात्याकडे, तीही उत्पन्न म्हणून. अपघात पोलीस आणि परिवहनकडे. मन आरोग्य खात्याकडे. बँकेत अशी न जुळवलेली खाती ठेवली असती, तर तपासनिसाने आम्हाला घरी बसवले असते.

गंमत अशी की उपायही पलीकडेच तपासला गेला. गोव्यातील 'सांगात' संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकडून, अपायकारक पिणाऱ्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार भेटींत बोलणे केले. तीन महिन्यांनी शंभरातले ३६ जण त्या पिण्यातून बाहेर आले होते. नेहमीच्या उपचारांवर २६. 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आले. फरक दहाचाच, पण ती दहा घरे आहेत.

आमचे जखमी आजही बांबोळीच्या इस्पितळात जातात. २०१८ मध्ये तिथे परराज्यातील रुग्णांना शुल्क लागले, तेव्हा दोडामार्गकर आंदोलनाला बसले. बरोबरच होते. आता मागणे याच्या आधीच्या टप्प्याचे हवे. तिशीपुढच्या माणसांचा अर्ज भरताना आशाताई दारूचा प्रश्न विचारतात. 'होय' म्हणणाऱ्याला पुढे कुठे पाठवायचे, हे राज्याने ठरवावे: जवळच्या आरोग्य केंद्रात एक खोली, मालवणीत बोलणारा एक माणूस आणि चार भेटी.