तार आली, पण चूल काही विझेना!

हॉस्टेलच्या रूमवर लपून इंडक्शन लावलं की काय होतं, हे आपल्यातल्या अनेकांना माहितीये. मॅगी शिजायच्या आत एमसीबी ट्रिप होतो आणि अख्खा मजला अंधारात! आपण हसतो आणि मेसकडे निघतो. नेपाळमधल्या गरीब घरांना मात्र मेस नाही. तिथं सरकारचं चांगलं धोरणही नेमकं या एका ट्रिपपाशी येऊन अडकतं.

नेपाळच्या २०२१च्या जनगणनेत दोन आकडे आहेत. उजेडासाठी वीज वापरणारी घरं १०० पैकी ९२. आणि स्वयंपाकासाठी वीज वापरणारी? फक्त अर्धा टक्का! निम्म्याहून जास्त घरांत अजून लाकूडच जळतंय. साधारण ४४ टक्के घरांत गॅस आहे, पण तो येतो भारतातून. २०१५मध्ये सीमेवरची वाहतूक अडली तेव्हा काठमांडूत अर्धे भरलेले सिलिंडर विकायची वेळ आली होती. उलट जलविद्युत एवढी, की पावसाळ्यात नेपाळ ती आपल्याला विकतो. मग आपल्याच विजेवर आपली चूल पेटवा, हे सरळ गणित. २०३०पर्यंत २५ टक्के घरांत विजेची शेगडी हे सरकारनं ठरवलेलं लक्ष्य आहे. गरिबांना दिलासा म्हणून ५ अँपिअरच्या मीटरवर महिन्याला २० युनिट वीज मोफत केली.

आता बारावीचं फिजिक्स आठवा. ५ अँपिअर गुणिले २३० व्होल्ट म्हणजे ११५० वॉट. बाजारातली साधी इंडक्शन शेगडी १५०० ते २००० वॉटची. म्हणजे ज्या मीटरवर वीज फुकट, त्यावर शेगडी पूर्ण ताकदीनं चालणारच नाही. मोठा मीटर घ्यावा तर सवलत गेली. आणि १५०० वॉटची शेगडी रोज तासभर चालवली, तर महिन्याला ४५ युनिट लागतात. २० युनिट पुरणार कसे? धोरण बल्बसाठी आखलंय आणि अपेक्षा शेगडीची आहे.

बांगलादेशाची गोष्ट वेगळी. २००३मध्ये तिथं सरकारी वित्तसंस्था 'इडकॉल'नं घरोघरी सोलर योजना सुरू केली. फुकट नाही, हप्त्यावर. थोडे पैसे आधी भरायचे, बाकीचे दोन-तीन वर्षांत. गावात काम करणाऱ्या संस्था पॅनल बसवायच्या, हप्ते गोळा करायच्या आणि बिघाड झाला की दुरुस्तही करायच्या. अशा ४० लाखांहून जास्त सिस्टिम बसल्या आणि रॉकेलचे दिवे मागे पडले. मग विजेच्या तारा अपेक्षेपेक्षा लवकर पोचल्या. त्यातच दुसऱ्या सरकारी योजनेतून पॅनल फुकट वाटली गेली. शेजाऱ्याला फुकट मिळतंय म्हटल्यावर हप्ते कोण भरणार? वसुली ढासळली. मार्च २०२२मध्ये सरकारनं १०० टक्के विद्युतीकरण जाहीर केलं. आणि त्याच जुलैत इंधन परवडेना म्हणून डिझेलवरची वीजकेंद्रं बंद ठेवून लोडशेडिंग सुरू करावं लागलं.

श्रीलंकेत तर जवळपास प्रत्येक घरात वीज होती. अनेक वर्षं दरही वाढवले नव्हते. सगळ्यांनाच स्वस्त वीज, त्यात बंगलेवालेही आले. तिजोरी रिकामी झाली आणि २०२२च्या ऑगस्टमध्ये एकदम सरासरी ७५ टक्के दरवाढ झाली. टक्केवारीत सर्वांत मोठा फटका बसला तो सर्वांत कमी वीज वापरणाऱ्यांना. त्याच महिन्यात रॉकेल लिटरमागे ८७ रुपयांवरून थेट ३४० रुपये. लाडानं दिलेली स्वस्ताई शेवटी गरिबाच्याच अंगावर कोसळली.

कुणी म्हणेल, आधी तार तर पोचू दे, बाकीचं नंतर. बरोबरच आहे. तारेशिवाय काहीच नाही. पण तार पोचली की सरकारं फीत कापतात, टक्केवारी जाहीर करतात आणि फाइल बंद करतात. माझं म्हणणं एवढंच, की खरं काम तिथून पुढे सुरू होतं. आपण तरी वेगळे कुठे आहोत? २०१६मध्ये उत्तर प्रदेशातल्या बलियातून उज्ज्वला योजना सुरू झाली आणि कोट्यवधी घरांत सिलिंडर गेला. पण पुढचा सिलिंडर भरायला पैसे नकोत? २०२२मध्ये सिलिंडरमागे २०० रुपयांचं अनुदान द्यावं लागलं, पुढच्या वर्षी ते ३०० झालं. कनेक्शन एकदाच द्यायचं असतं, स्वयंपाक रोज दोनदा करावा लागतो.

म्हणून मोजायचंच असेल तर कनेक्शन नको, वापर मोजा. संध्याकाळी सातला वीज असते का? मीटरला शेगडी झेपते का? महिन्याचं बिल मजुरीत बसतं का? सवलत ज्याला गरज आहे त्यालाच, पण पुरेल एवढी द्या. आणि फुकट वाटण्यापेक्षा परवडणारा हप्ता आणि हाकेच्या अंतरावरचा दुरुस्तीवाला जास्त टिकतो, हे बांगलादेशानं दाखवून दिलंय.

आपल्यापैकी कुणी उद्या इंजिनिअर होईल, कुणी एमपीएससी देऊन खुर्चीत बसेल. तोवर एक करता येईल. एनएसएसच्या कॅम्पला गावात जाल तेव्हा 'वीज आहे का?' असं विचारू नका. उत्तर 'हो'च येणार. त्यापेक्षा घरातल्या काकूंना विचारा, 'आज भाकरी कशावर केली?' खरं उत्तर तिथं मिळेल.