बोलायला शिकवलं, पुढे काय?

१८ मार्च २०२५ ला कांझी गेला. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, वयाच्या ४४व्या वर्षी. कांझी हा बोनोबो, म्हणजे चिंपांझीचा सख्खा चुलतभाऊ. आपल्याकडे माकड आणि वानर हे दोनच शब्द चटकन तोंडात येतात, पण बोनोबो त्यातलं कुणीच नव्हे. चिंपांझी, बोनोबो, गोरिला, ओरांगउटान या मंडळींना शेपूट नसतं, आयुष्य चाळीस-पन्नास वर्षांचं असतं, आणि नात्याने ती माकडांपेक्षा आपल्याच जास्त जवळची आहेत. इंग्रजीत त्यांना एप म्हणतात. मीही इथे तेच म्हणते.

कांझीची गोष्ट मोठी गमतीची आहे. त्याला मुळात कुणी शिकवतच नव्हतं! अटलांटाला स्यू सॅव्हेज-रंबॉ या संशोधक बाई त्याच्या मानलेल्या आईला, मटाटाला, शब्द शिकवायचा प्रयत्न करत होत्या. चिन्हांचा एक फलक होता. प्रत्येक चिन्ह म्हणजे एक शब्द, त्यावर बोट ठेवलं की तो शब्द ‘बोलला’. मटाटाच्या डोक्यात काही शिरेना. लहानगा कांझी तिच्या अंगाखांद्यावर खेळत असायचा, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मग मटाटाला काही काळासाठी दुसरीकडे हलवलं, आणि हे पोरगं आपलं आपण फलकावर बोटं ठेवून हवं ते मागायला लागलं. घरात ताईचे पाढे ऐकून ऐकून धाकट्याचे आधी पाठ व्हावेत, तसंच.

पुढे १९९३ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. कांझीला आणि दोन वर्षांच्या एका मुलीला तीच ६६० इंग्रजी वाक्यं ऐकवली होती. अमुक वस्तू तमुक ठिकाणी ठेव, अशा प्रकारची, बरीचशी आधी कधी न ऐकलेली. फ्रिजमध्ये पाइनची पानं कोण ठेवतं? पण कांझीने ठेवली. त्याची सुमारे ७२ टक्के वाक्यं बरोबर आली, मुलीची सुमारे ६६ टक्के.

कांझी गेल्यावर तोच जुना वाद मला पुन्हा आठवला. याला खरंच भाषा येत होती का? की नुसती हुशारी? शंभर वर्षं होत आली, विद्वान या एका प्रश्नावर भांडताहेत. प्रश्न महत्त्वाचा आहे, नाही असं नाही. पण माझ्या मते त्याच्या गलक्यात दुसरा, जास्त अडचणीचा प्रश्न कायम मागे पडला. तो मला आज मांडायचा आहे. त्याआधी थोडा इतिहास.

१९३१ साली विन्थ्रॉप आणि लुएला केलॉग या दांपत्याने गुआ नावाची चिंपांझीची पिल्लू आपल्या घरी आणली आणि आपल्या मुलाबरोबर, डोनाल्डबरोबर, वाढवायला घेतली. दोघांना सारखे कपडे, सारखं खाणं, सारखे लाड. नऊ महिन्यांत प्रयोग गुंडाळला. गुआ एकही शब्द बोलली नाही. उलट डोनाल्डच खाऊ दिसला की तिच्यासारखे आवाज काढायला लागला :) गुआला परत पाठवलं, आणि १९३३ साली ती न्युमोनियाने गेली. पुढे १९४०च्या दशकाच्या शेवटी हेज दांपत्याने व्हिकीला घरी वाढवलं. अपार कष्ट घेऊन ती चार शब्द कसेबसे उच्चारायला शिकली: मामा, पापा, कप आणि अप. चिंपांझीचा घसा आपल्यासारखं बोलण्यासाठी घडलेलाच नाही. म्हणून १९६६ साली नेवाडात ॲलन आणि बिॲट्रिक्स गार्डनर यांनी वाशूला हातांची भाषा शिकवायला घेतली, अमेरिकेतले कर्णबधिर लोक वापरतात ती. हात तर चिंपांझीचे उत्तमच चालतात. वाशू शंभराहून जास्त खुणा शिकली आणि जगभर गाजली.

मग आला निम. निम चिम्पस्की! नोम चॉम्स्की यांच्या नावावरचा हा विनोद. भाषा फक्त माणसालाच येते असं चॉम्स्की म्हणत, ते खोडून काढायला कोलंबिया विद्यापीठाच्या हर्बर्ट टेरेस यांनी हा प्रकल्प काढला. १९७३ मध्ये ओक्लाहोमात निम जन्मला, आणि जेमतेम दोन आठवड्यांचा असताना त्याला आईपासून काढून न्यूयॉर्कमधल्या एका घरात ठेवलं. तिथे माणसांच्या मुलांबरोबर तो वाढला. नंतर घर बदललं, शिक्षक तर सतत बदलत राहिले. तो सुमारे १२५ खुणा शिकला. १९७७ मध्ये प्रकल्प संपला, निमला परत ओक्लाहोमाला सोडलं.

त्यानंतर टेरेस यांनी व्हिडिओ बारकाईने पाहिले आणि त्यांचं मत फिरलं. निमच्या कितीतरी खुणा या समोरच्या शिक्षकाने नुकत्याच केलेल्या खुणांची नक्कल होत्या. त्याचं सगळ्यात लांब ‘वाक्य’ १६ खुणांचं, पण त्यात संत्रं, दे, मी, खा, तू हेच शब्द उलटसुलट. माणसाच्या मुलाची वाक्यं वयाबरोबर लांबतात, अर्थाने भरतात. निमची तशी होत नव्हती. आणि तो आपणहून गप्पा मारत नव्हता, बहुतेक वेळा काहीतरी मागतच होता. १९७९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे छापून आलं आणि या क्षेत्राला मिळणारा पैसा आणि मान, दोन्ही आटले.

माझं मत विचाराल तर टेरेस यांचं म्हणणं बरंचसं पटण्यासारखं आहे. ज्याला आपण व्याकरण म्हणतो ते निमकडे नव्हतं. कोको या गोरिलाच्या बाबतीत तर तिच्या खुणांचा अर्थ लावणारी मुख्य व्यक्ती तिला वाढवणारीच होती, आणि आपल्या लेकराचं बोबडं बोलणं कुठल्या आईला कळत नाही? कांझीचं वाक्य समजणं फार वरच्या दर्जाचं होतं, पण त्याचं स्वतःचं बोलणं एका-दोन चिन्हांच्या पुढे फारसं जात नसे. भाषेच्या परीक्षेत ही मंडळी नापास झाली असं कुणी म्हटलं तर मी भांडायला जाणार नाही.

पण नापास झाल्यावर त्यांचं काय झालं, ते बघा.

१९८२ मध्ये निमला विकलं. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या एका वैद्यकीय प्रयोगशाळेत, जिथे चिंपांझींवर लसींच्या चाचण्या होत. घरात वाढलेला, कपडे घालून जेवायला बसलेला निम लोखंडी पिंजऱ्यात गेला. बाहेर बोभाटा झाला म्हणून तो सुटला आणि टेक्सासमधल्या एका प्राण्यांच्या आश्रमात पोचला. तिथेच २००० साली, २६ वर्षांचा असताना, तो वारला. २०११ मध्ये त्याच्यावर ‘प्रोजेक्ट निम’ नावाचा माहितीपट आला. मिळाला तर जरूर बघा, पण रात्री झोपताना नको.

त्याच प्रयोगशाळेत बुई नावाचा आणखी एक चिंपांझी होता. त्याला ओक्लाहोमात रॉजर फाउट्स यांनी खुणा शिकवल्या होत्या. त्याच्या अंगात मुद्दाम हेपटायटिस सीचा विषाणू सोडलेला होता. १९९५ मध्ये टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर फाउट्स कितीतरी वर्षांनी त्याला भेटायला गेले. बुईने त्यांना ओळखलं, आणि स्वतःच्या कानावरून बोट झटकलं. फाउट्स यांना हाक मारायची त्याची जुनी खूण तीच होती. कार्यक्रम लाखोंनी पाहिला आणि बुईला कॅलिफोर्नियातल्या आश्रमात हलवण्यात आलं.

आता सांगा, कानावरून बोट झटकणं हे वाक्य आहे का? नाही. त्यात कर्ता, कर्म, क्रियापद काहीच नाही. पण ती हाक होती की नव्हती?

इथे मला माझी मोठी आत्या आठवते. घरातल्यांना ते दिवस आठवत असतीलच. अर्धांगवायूनंतर तिच्याजवळ मोजून पाच-सहा शब्द उरले होते. त्यातला ‘नको’ तर होकारालाही चालायचा आणि नकारालाही. वाक्य असं तिच्या तोंडून पुन्हा कधी आलं नाही. पण तिच्या ‘नको’तला हवं-नको सगळ्यांना कळायचं, आणि आता हिला व्याकरण उरलं नाही तेव्हा आपली जबाबदारी संपली, असं कुणाच्या मनातही आलं नाही. आत्याची तुलना चिंपांझीशी केली म्हणून काही जण रागावतील. तुलना त्या दोघांची नाही हो. तुलना आपल्या वागण्याची आहे. जवळच्या माणसाशी नातं ठेवताना आपण त्याच्या वाक्यातले शब्द मोजत नाही. मग निमच्या बाबतीत ते मोजून त्याचं भवितव्य का ठरावं?

याला एक चांगलं उत्तर आहे, आणि ते टाळून पुढे जाणं बरोबर नाही. हेपटायटिस बीची लस तयार होताना चिंपांझींवर चाचण्या झाल्या. तीच लस आज आपण आपल्या तान्ह्या बाळांना टोचून घेतो. मीही घेतली आहे माझ्या मुलांना. तेव्हा सगळेच प्राण्यांवरचे प्रयोग पाप, असं म्हणायचा अधिकार मला नाही, आणि तो वाद मला इथे घालायचाही नाही. माझं म्हणणं छोटं आहे. ज्याला आपण आईपासून तोडलं, आपल्या घरात वाढवलं, हात हलवले की समोरचा माणूस ऐकतो अशी सवय लावली, त्याच्याबाबतीत आपण एक शब्द दिलेला असतो. कागदावर नाही, पण दिलेला असतो. तो दिलेला शब्द भाषेच्या परीक्षेच्या निकालावर अवलंबून नाही.

हे पाळता येतं, याचं उदाहरणही याच मंडळींत आहे. वाशूचं तान्हं बाळ १९७९ मध्ये वारलं तेव्हा फाउट्स यांनी तिच्यासाठी दहा महिन्यांचं पिल्लू आणलं, लूलिस. माणसांनी लूलिससमोर सात खुणा सोडून बाकी वापरायच्याच नाहीत असं ठरलं होतं. तरी पाच वर्षांत तो पन्नासेक खुणा शिकला, वाशू आणि बाकीच्या चिंपांझींकडून. फाउट्स पती-पत्नी शेवटपर्यंत वाशूबरोबर राहिले. वॉशिंग्टन राज्यातल्या एलन्सबर्गला २००७ साली ती गेली, तेव्हा तिच्या आजूबाजूला तिची माणसं आणि तिचे चिंपांझी होते.

फाउट्स यांनी सांगितलेली एक आठवण आहे. वाशूची एक सहकारी बाई गरोदर होती. तिचा गर्भपात झाला, ती काही आठवडे आली नाही. परत आली तेव्हा वाशू रुसलेली. त्या बाईने खुणेने सांगितलं, माझं बाळ गेलं. वाशूने आधी खाली पाहिलं, मग तिच्या डोळ्यांत पाहिलं, आणि डोळ्याखालून गालावर बोट ओढून रडण्याची खूण केली. वाशूनेही आपली बाळं गमावली होती. शास्त्राच्या दृष्टीने ही नुसती आठवण आहे, पुरावा नाही, हे मान्य. वाशूला नक्की काय म्हणायचं होतं ते सिद्ध करता येणार नाही. तसं तर सांत्वनाला आलेल्या शेजारणीला नक्की काय वाटत असतं, तेही कुठे सिद्ध करता येतं?

काळ बदलला आहे, हेही सांगायला हवं. २०१५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने चिंपांझींवरचे वैद्यकीय प्रयोग बंद केले. पिल्लू घरी नेऊन वाढवण्याचे प्रयोगही आता कुणी करत नाही. आणि मला सगळ्यात आवडलेला बदल म्हणजे शिकवण्याची दिशाच उलटली. युगांडातल्या बुडोंगोच्या जंगलात कॅथरिन होबेटर यांनी चिंपांझींच्या हावभावांचे चार हजारांहून जास्त प्रसंग नोंदवले. २०१४ मध्ये त्यांनी आणि रिचर्ड बर्न यांनी ६६ हावभाव आणि त्यांतून सांगितले जाणारे १९ अर्थ प्रसिद्ध केले. थांब, इकडे ये, मला खाजव, मला पाठीवर घे, असे साधे घरगुती. २०२३ मध्ये या हावभावांचे व्हिडिओ साडेपाच हजारांहून जास्त सामान्य माणसांना दाखवून अर्थ विचारला. चार पर्यायांतून निम्म्याहून जास्त उत्तरं बरोबर आली. म्हणजे आपल्याला ते थोडंफार आधीपासूनच कळतं!

आणि एप्रिल २०२५ मध्ये, कांझी जाऊन महिनाही झाला नव्हता तोवर, काँगोतल्या रानटी बोनोबोंवरचा अभ्यास आला. ते आपले आवाज जोडून नवा अर्थ तयार करतात, असं त्यात दाखवलं आहे. म्हणजे कांझीसमोर फलक धरून आपण शब्दाला शब्द जोडतोय का ते तपासत होतो, तेव्हा त्याचे जातभाई जंगलात आपापल्या आवाजात जोडाजोडी करतच होते. ऐकायला आपण गेलो नव्हतो.

म्हणून माझं म्हणणं दोनच गोष्टींत सांगते. एक, त्यांचं बोलणं समजून घ्यायचं तर त्यांच्या घरी जावं, त्यांना आपल्या घरी आणू नये. दुसरं, ज्यांना आणलंच आहे आणि जे अजून आश्रमांत जगताहेत, त्यांचा शेवटपर्यंतचा खर्च आणि सोबत ही भूतदया समजू नये. ते देणं आहे. प्रकल्पाचं अनुदान चार वर्षांचं असतं आणि चिंपांझीचं आयुष्य चाळीस-पन्नास वर्षांचं. हा हिशोब निमला आईपासून उचलला त्याच दिवशी करता आला असता. त्याला कुठल्या भाषाशास्त्राची गरज नव्हती.

असो. कुत्र्यापासून हत्तीपर्यंत, ज्यांना ज्यांना आपण आपल्या हाकेला ओ द्यायला शिकवलं त्या सगळ्यांना हे लागू करायचं का, आणि करायचं तर कुठवर, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं?