रेंगाळणे आणि 'लॉइटर'

इंग्रजीतल्या 'लॉइटर' या क्रियापदाचा अर्थ विचारला तर बहुतेक जण 'रेंगाळणे' असं सांगतील. मला ते पटत नाही. या शब्दाचं मूळ जुन्या डच भाषेत सापडतं. तिथे त्याचा अर्थ सैल होऊन हलणे, दात हलतो ना तसं! इंग्रजीत तो उगाच वेळ काढत उभं राहणे असा झाला आणि कायद्याने त्याला संशय चिकटवला. ब्रिटनमध्ये १८२४ च्या कायद्याने, गुन्ह्याच्या हेतूने घुटमळतोय एवढ्या संशयावरूनही माणसाला पकडता येई. ती तरतूद जायला १९८१ साल उजाडलं.

आपल्या मराठीत बघा. सूर कानात रेंगाळतो, आमरसाची चव जिभेवर. संकोची पाहुणा दारात घुटमळतो. कामचुकार टंगळमंगळ करतो. यातल्या एकाही शब्दाला चोरीचा वास नाही. म्हणून सोसायटीच्या फाटकावर 'येथे रेंगाळू नये' अशी पाटी दिसली की मला त्या शब्दाची दया येते.

पण प्रश्न नुसत्या शब्दाचा नाही. बोईसरच्या नाक्यावर सकाळी मजूर उभे असतात. कोणी बोलावेल म्हणून तासन् तास. पाटी लिहिणारा त्यांना 'लॉइटर' करणारे म्हणेल, मी म्हणेन ते कामाची वाट पाहताहेत. विरार-डहाणू लोकल २०१३ साली सुरू झाली, तरी गाडी चुकली की पालघरच्या फलाटावर बराच वेळ काढावा लागतो. इस्त्रीच्या कपड्यातला माणूस बाकावर बसला तर तो 'थांबलाय'. शेजारी टोपली घेतलेली आदिवासी बाई बसली तर ती 'उगाच बसलीय'. क्रियापद माणूस बघून बदलतं.

बायकांचं तर विचारूच नका. मी शिकवत होते तेव्हा 'उंडारू नका' ही ताकीद मुलींनाच जास्त मिळायची. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉइटर?' हे मुंबईतल्या स्त्रियांवरचं इंग्रजी पुस्तक २०११ साली आलं. काही काम नसतानाही बाईला रस्त्यावर, बागेत निवांत असता यावं, असं त्या म्हणतात. मला हे पूर्ण मान्य आहे. भाजी आणायला निघाले, हे कारण प्रत्येक वेळी कशाला हवं?

पाटी लावायचीच तर 'वाट अडवू नये' असं लिहा. रेंगाळणं मात्र आमच्यासाठी राहू द्या.