नाटककार आपला, पडदा कोणाचा?

नांदेडचे प्रा. दत्ता भगत यांचे 'वाटा-पळवाटा' हे नाटक ऐंशीच्या दशकात रंगभूमीवर आले. त्यात बाबासाहेबांच्या काळातले काका आहेत, शिकून प्राध्यापक झालेला सतीश आहे आणि रस्त्यावरच्या लढ्यातला तरुण अर्जुन आहे. तिघेही आपलेच आणि भांडणही आपसातलेच. चळवळीची खरी वाट कोणती आणि पळवाट कोणती? नांदेड-लातूरच्या वस्त्यावस्त्यांत हा प्रश्न आजही जिवंत आहे. पण हे नाटक किती घरांत पोहोचले?

येथे नायजेरियाचे केन सारो-विवा आठवतात. ओगोनी या छोट्या जमातीतला हा नाटककार. १९८५ पासून त्यांनी 'बासी अँड कंपनी' ही विनोदी मालिका स्वतः लिहिली आणि स्वतःच निर्माण केली. झटपट श्रीमंतीच्या हव्यासाची टिंगल करणारी ही मालिका सरकारी दूरचित्रवाणीवरून घरोघरी गेली. पुढे तेल उपशाने नासलेल्या ओगोनी भूमीसाठी ते उभे राहिले, तेव्हा देश त्यांना ओळखत होता. जानेवारी १९९३ मध्ये सुमारे तीन लाख ओगोनी शांततेने रस्त्यावर आले. लष्करी राजवटीने खास न्यायाधिकरण नेमले, अपिलाचा हक्क ठेवला नाही आणि १० नोव्हेंबर १९९५ रोजी त्यांना आठ सहकाऱ्यांसह फाशी दिली. २०२५ मध्ये सरकारने त्यांना माफी दिली. वकील म्हणून विचारतो, गुन्हाच नव्हता तर माफी कसली?

आपल्याकडे २०१९ मध्ये बाबासाहेबांच्या जीवनावर मराठी आणि हिंदी वाहिन्यांवर मालिका आल्या. आनंदच आहे. पण महामानवाची जीवनकथा १९५६ ला थांबते. त्यानंतरचे काका, सतीश, अर्जुन पडद्यावर कुठे आहेत? १ जून २०२३ रोजी नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत आपल्या एका तरुणाचा खून झाला. गावात भीमजयंती काढल्याच्या रागातून तो झाला, असा फिर्यादीचा आरोप आहे. बातमी चार दिवस चालते. त्या गावातल्या माणसांचे पुढचे जगणे सांगायला नाटककार लागतो, आणि ते घराघरांत न्यायला निर्माता लागतो. नाटककार आपल्याकडे आहेत. निर्माता मात्र आपण उभा केला नाही.

समाजबांधवांनो, जयंतीच्या वर्गणीतला थोडा वाटा नाटकाच्या चित्रीकरणासाठी काढा. विहारात दाखवा, मोबाईलवर पाठवा. सुरुवात 'वाटा-पळवाटा'पासूनच करा. लेखनहक्काची रीतसर परवानगी मात्र आधी घ्या. पडदा दुसऱ्याचा आहे, ही तक्रार किती वर्षे करणार? तीही एक पळवाटच नव्हे काय?