दफनाचा अधिकार

युगांडातील समलिंगी हक्कांचे कार्यकर्ते डेव्हिड काटो यांचा जानेवारी २०११ मध्ये राहत्या घरी खून झाला. गावी दफनविधीला अँग्लिकन पाद्री आला. शवपेटी समोर असताना त्याने समलिंगींना पश्चात्तापाचे धडे द्यायला सुरुवात केली. काटोंच्या मित्रांनी त्याच्या हातचा माइक हिसकावला. गावकरी पाद्र्याच्या बाजूने उभे राहिले. पुरायला कोणी पुढे येईना. अखेर मित्रांनीच पेटी उचलली. कबरीपाशी प्रार्थना म्हटली ती ख्रिस्तोफर सेन्योंजो यांनी.

सेन्योंजो १९७४ ते १९९८ याच अँग्लिकन चर्चचे पश्चिम बुगांडातील बिशप होते. निवृत्तीनंतर समुपदेशन करू लागले. समलिंगी तरुण येत, तेव्हा ‘स्वतःला बदला’ असे ते म्हणत नसत. देवाने तुम्हाला टाकलेले नाही, एवढेच सांगत. तेवढे पुरले. चर्चने त्यांना विधी करण्यास मनाई केली, निवृत्तिवेतन थांबवले, पुढे बिशपपदही काढून घेतले. या शेवटच्या कारवाईचे कागदोपत्री कारण वेगळे होते. ते नेहमीच वेगळे असते. ऑक्टोबर २०१०मध्ये कंपालातील एका साप्ताहिकाने समलिंगींची नावे-छायाचित्रे छापून त्यांना फाशी देण्याची मागणी केली. पहिल्याच पानावर काटोंच्या जोडीला हे सत्तरी ओलांडलेले, मुलाबाळांचे बिशप होते.

चर्चच्या हिशेबात सेन्योंजोंची ती प्रार्थना ग्राह्य नाही, कारण त्यांना अधिकार नव्हता. ज्याला होता, त्याने तो मेलेल्या माणसाची लाज काढण्यासाठी वापरला. मग ग्राह्य काय धरायचे? पाद्र्याचा झगा, की त्याचे तोंड?

उत्तर चर्चनेच दिले, जरा उशिरा. मे २०२३ मध्ये युगांडात समलैंगिकताविरोधी कायदा लागू झाला. काही गुन्ह्यांना त्यात थेट देहदंड आहे. आर्चबिशप स्टीफन काझिंबा यांनी कायद्याचे स्वागत केले. देहदंड तेवढा चर्चला पटत नाही म्हणाले. त्याऐवजी जन्मठेप असावी. दया म्हणतात ती ही.

समलैंगिकतेच्या ‘प्रचारा’ला याच कायद्यात २० वर्षांपर्यंत कैद आहे. सेन्योंजो समोर बसलेल्या पोरांना जे सांगत आले, ते या कलमात बसते की नाही, हे आता पोलिसांनी ठरवायचे. चर्चचे ठरलेले आहे.